बादलीखालची चार वर्षं

माझ्या हातून आयुष्यात मोठा असा गुन्हा एकच घडला, आणि तो मी चार पावसाळे सलग, रोजच्या कामात धरून केला. करताना तो गुन्हा आहे हे माहीत नव्हतं. उलट माझ्यासारखी जाणती बाई पंचक्रोशीत दुसरी नाही, असंच मला वाटत होतं.

आमचे हे महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट खात्यात होते. जे जे काही आकडा दाखवतं, ते बरोबर दाखवतंय की नाही हे तपासायचं, हेच त्यांचं काम. असा माणूस घरी आला तरी कारखान्यातच असतो. घरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे गेलं तर ह्यांना घास उतरत नाही. मी गावात अंगणवाडी सेविका. माझ्याकडेही वजनकाटा आहे, पण काट्यावरचं पोर वळवळायला लागलं की मी काटा जिथे दिसेल तिथला आकडा लिहिते आणि पोराला खाली घेते. ह्या एका गोष्टीवरून आमच्यात जितकी भांडणं झाली, तितकी सासू-सासऱ्यांवरूनही झाली नाहीत.

अकरा वर्षांपूर्वी ह्यांनी मुंबईहून हवामानयंत्र मागवलं. कापड्याच्या अलीकडे आमचं गाव, घरावर उघडी गच्ची. तिथे एक पाइप उभा करून त्यावर वाऱ्याची फिरकी आणि पांढरी, झापडं असलेली डबी बसवली. कठड्यावर एक काळा डबा स्क्रूने घट्ट केला. सगळ्याचे आकडे खाली ओटीवर एका छोट्या पडद्यावर यायचे. तिथून ते कॉम्प्युटरमध्ये जायचे. मी विचारलं, “ह्यातलं काय कशासाठी आहे हो?” तर म्हणाले, “तुला नाय कळायचं. तू फक्त जप त्याला, मी नसताना.”

झालं. नाकाला मिरच्या झोंबल्या. पुन्हा म्हणून मी एक शब्द विचारला नाही. पण जपा म्हटलंय ना, मग जपून दाखवते, असं मनाशी ठरवलं.

आता आमच्याकडे जपणं म्हणजे काय, हे पोलादपूर तालुक्यात एक पावसाळा काढल्याशिवाय कळत नाही. मे संपत आला की आम्ही दिसेल ते झाकत सुटतो. लाकडं झाकायची, पेंढा झाकायचा, गोठ्याची पावसाकडची बाजू झाकायची, पंप झाकायचा, स्कूटर झाकायची. एकदा कुडपणच्या बाजूने आभाळ खाली उतरलं की ते महिना महिना वर जात नाही, आणि जे झाकलं नाही ते गेलं समजायचं. असं असताना गच्चीवर एक महागडा डबा, वरून चक्क उघडा! मी वाकून बघितलं तर आत लहान मुलांच्या सीसॉसारखं काहीतरी नाजूक. ह्यांनी वर जाळी लावलेली, ती मला पानं-कचरा पडू नये म्हणून दिसली. म्हणजे कचरा पडलेला चालत नाही, आणि धो धो पाऊस चालतो? पाइपावरच्या फिरकीला माझा हात पोचत नव्हता, ह्या डब्याला पोचत होता. जोराचा पाऊस धरला की मी वर जायचे, डब्यावर जुनी निळी बादली उपडी घालायचे आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर जांभ्या दगडाचा चिरा ठेवायचे. हे यायच्या आत काढून ठेवायचे. सांगायची काय गरज? केलेल्या कामाचा डंका पिटायची आपल्याला सवय नाही.

पाऊस ते यंत्र मोजतं, हे मला माहीत होतं. पण ते कुठल्या भागाने मोजतं हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, फिरकीजवळची ती पांढरी डबी पाऊस मोजत असेल. आणि समजा काळ्या डब्यातूनच मोजत असेल, तरी थोडा पाऊस आत गेला की झालं की. शितावरून भाताची परीक्षा होते, त्यासाठी आख्खा टोप पालथा करावा लागत नाही. ही माझी अक्कल. आज लिहितानाही ती मला अगदीच टाकाऊ वाटत नाही.

आकडे कमी येतात हे ह्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं, आणि ह्यांनी त्याचं कारणही शोधून काढलं. आपलं गाव डोंगराच्या अशा कुशीत आहे, की मोठा पाऊस आपल्या डोक्यावरून पुढे जातो, हा ह्यांचा सिद्धांत. तो ह्यांनी एसटीत, पोलादपूरच्या स्टँडवर, मयताला गेल्यावरसुद्धा सांगितला. भिजून चिंब झालेली माणसं “असंल बा” म्हणून पुढे जायची. गावात ह्यांना ‘मिलिमीटर’ असं नाव पडलं. “काय मिलिमीटर, आज किती?” असं लोक विचारायचे आणि उत्तर ऐकायला थांबायचे नाहीत.

पाचव्या वर्षी आम्ही गच्चीवर पत्रे मारले. मग डबा तिथून काढून ह्यांनी परसात उंच खांबावर नेला. तिथे माझा हात पोचेना, आणि मीही विसरून गेले. त्या पावसाळ्यापासून आमच्या गावावर भरपूर पाऊस पडायला लागला.

गेल्या वर्षी हे निवृत्त झाले. जुनं यंत्र कुरकुरायला लागलं होतं, म्हणून नवं आणलं, आणि नव्याबरोबर नवं सॉफ्टवेअर आलं. आता सगळी जुनी नोंद ह्यात घालायची आणि सगळी वर्षं एका पडद्यावर बघायची, असा ह्यांचा बेत. मागच्या सात वर्षांची नोंद जुन्या यंत्रातून पेनड्राइव्हवर घेतली, ती एका दुपारी गेली. पण पहिल्या चार वर्षांचा कॉम्प्युटर विजेच्या लोळाने केव्हाच जळाला होता. त्या वर्षांचे राहिले होते फक्त कागद. ह्यांनी दर महिन्याला प्रिंट काढून फाइलला लावलेले. ते आता एकेक करून टाइप करायचे होते.

ह्यांचं टाइपिंग म्हणजे कोंबडी दाणे टिपते तसं. मी मात्र अंगणवाडीची सगळी रजिस्टरं मोबाइलमध्ये चढवताना पार घासून निघालेली. आधी वहीत लिहा, मग मोबाइलमध्ये भरा, मग नेट गेलं म्हणून पुन्हा भरा, आणि शेवटी मॅडमना वहीच दाखवा, हे सगळं मी केलंय. तेव्हा ठरलं की हे वाचणार आणि मी टाइप करणार. एप्रिलच्या दुपारी, पंखा पाचवर, आमचं काम सुरू झालं. खरं सांगायचं तर लग्नाला तीस वर्षं झाल्यावर रोज दोन तास नवऱ्याशेजारी बसायला मिळणं मला आवडत होतं. हे “चोवीस पूर्णांक सहा” म्हणायचे, मी “हं” म्हणायचे. मध्येच एखाद्या दिवशी काय झालं होतं ते आठवायचं आणि आम्ही चहा करून घ्यायचो.

नव्या सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानावर यंत्राचं चित्र होतं. कुठला भाग काय मोजतो हे खुणांनी दाखवलेलं. वाऱ्याची खूण फिरकीपाशी, तापमानाची पांढऱ्या डबीपाशी. आणि पावसाचे तीन निळे थेंब, थेट त्या काळ्या, डोकं उघड्या डब्यात पडत होते. मी ते चित्र दोन-तीन दिवस रोज बघत होते, पण बघणं आणि दिसणं ह्यात फरक असतो. चौथ्या दिवशी ह्यांनी आखाडातली एक तारीख वाचली आणि म्हणाले, “नऊ पूर्णांक दोन.”

त्या दिवसाची माझी आठवण पक्की होती. पऱ्याचं, म्हणजे गावच्या ओढ्याचं, पाणी अंगणवाडीच्या पायरीला लागलं म्हणून मी पोरांना उचलून घरोघरी पोचवलं होतं. एसटी पोलादपूरच्या पुढे आलीच नाही, आणि ह्यांना कारखान्यातच मुक्काम करावा लागला होता. असा दिवस, आणि नऊ?

“नऊ कसं असेल हो?” मी म्हणाले.

“यंत्र खोटं बोलत नाय,” हे म्हणाले.

माझी नजर त्या तीन निळ्या थेंबांवर गेली. त्या दिवशी हे घरी येणार नव्हते, म्हणून बादली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तशीच होती. मी नऊ पूर्णांक दोन टाइप केलं.

मला लगेच सांगता आलं असतं. पण आदल्याच आठवड्यात एक फोन आला होता. आमच्या गावचं मुंबई मंडळ दर मे महिन्यात गावी येतं, आणि गावाची व मंडळाची मिळून देवळाच्या सभामंडपात बैठक होते. मंडळाच्या चिटणिसांचा फोन: “भाऊ, ह्या वेळी तुम्ही पावसावर बोला. प्रेझेंटेशन बनवा मस्त. प्रोजेक्टर मी घेऊन येतो.” अकरा वर्षांत गावाने ह्यांना पहिल्यांदा काही विचारलं होतं. फोन ठेवल्यावर हे ओटीवर उगाच इकडून तिकडे चालत होते. मग मला म्हणाले, “तो निळा शर्ट होतो का गो मला अजून?” शर्ट होत नव्हता. मी बाजूच्या शिवणी उसवून तो व्हावा असं केलं.

आणि त्यात तो आलेख आला. टाइपिंग संपलं त्या दिवशी मी भांडी घासत होते. आतून हाक आली, अशी हाक की मी राखेच्या हातांनीच धावले. पडद्यावर अकरा खांब. पहिले चार बुटके, नंतरचे सात उंच. “बघ,” हे म्हणाले, “बघ, पाऊस वाढलाय! ह्या अकरा वर्षांत वाढलाय, आणि तो मी मोजलाय.” ह्यांचे डोळे भरून आले होते. “लोक हसले ना? आता हसा म्हणावं.”

त्या चार बुटक्या खांबांवर मला निळी बादली उपडी घातलेली स्पष्ट दिसत होती. मी म्हणाले, “चहा ठेवू?”

पुढचे आठ दिवस माझे फार वाईट गेले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. हे आरशासमोर भाषणाची तयारी करायचे आणि मी स्वयंपाकघरात विनाकारण डबे आपटायचे. सांगायला म्हणून जायचे आणि भलत्याच गोष्टीवरून भांडून परत यायचे. एकदा तर, “तुम्हाला त्या वेळी नीट सांगायला काय झालं होतं?” असं ओरडले. हे म्हणाले, “कुठल्या वेळी?” त्यावर मी म्हणाले, “कुठल्याच नाही.”

सांगितलं नाही तर काय बिघडत होतं? कोणालाही कळलं नसतं. ह्यांना टाळ्या मिळाल्या असत्या, आणि त्या मिळाव्यात असं मला मनापासून वाटत होतं. पण जो माणूस घड्याळाची दोन मिनिटं सहन करत नाही, त्याने अख्ख्या गावासमोर माझ्या बादलीचा आकडा छातीठोकपणे सांगावा, आणि मी खाली बायकांच्यात बसून ते ऐकावं, हे काही केल्या गळ्याखाली उतरेना.

बैठकीच्या दोन दिवस आधी मी फणस फोडायला घेतला आणि ह्यांना गरे काढायला बसवलं. ह्यात माझा हिशोब होता. कोपरापर्यंत चीक लागलेला माणूस रागावून उठून जाऊ शकत नाही. निम्मे गरे झाल्यावर मी सगळं सांगून टाकलं.

हे गरे काढतच राहिले. मग म्हणाले, “उपडी?”

“उपडी. वर चिरा.”

“किती वर्षं?”

“पत्रे मारीपर्यंत.”

सगळे गरे काढून झाले, आठळ्या वेगळ्या केल्या, खोबरेल लावून हातांचा चीक काढला आणि हे कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले. दोन दिवस घरात “मीठ”, “पाणी” आणि “दिवा घालव” एवढंच बोलणं झालं. मला ओरडणारा माणूस चालतो. गप्प बसणाऱ्या माणसापुढे मी पार कोलमडते. शेवटी मीच म्हणाले, “अहो, कोणाला कळणार आहे? मला ठाऊक, तुम्हाला ठाऊक, बास.”

“म्हणजे दोघांना ठाऊक,” हे म्हणाले, आणि शर्टाला इस्त्री करायला लागले.

सभामंडप गच्च भरला होता. मुंबईची मंडळी खुर्च्यांवर, गावची सतरंजीवर. प्रोजेक्टरचं तोंड चादर लावलेल्या भिंतीकडे केलं, आणि अकरा खांब दिसले. त्यातल्या पहिल्या चारांवर ह्यांनी लाल फुली मारली होती.

“हे चार धरू नका,” हे म्हणाले. “ह्या चार वर्षांत जोराचा पाऊस आला की यंत्रावर बादली असायची. उपडी.”

सभामंडप असा हसला की देवळावरची कबुतरं उडाली. कोणीतरी मागून ओरडलं, “बादली ठेवली कोणी पण?”

“माझ्याच घरातून ठेवली गेली. घरच्यांनी विचारलं होतं, हे कशाला आणि ते कशाला. मी सांगितलं नाय. मी म्हटलं, तुला नाय कळायचं. कारखान्यात नवीन माणसाला मीटर न समजावता मी कधी हात लावू दिला नाय, आणि घरात तेच केलं. तेव्हा चूक इन्स्ट्रुमेंटवाल्याची आहे.”

माझ्या शेजारच्या जाऊबाईंनी कोपराने ढोसलं. “तूच गो ठेवलीस ना?”

“मीच ठेवली,” मी म्हणाले. “मग?”

पुढे बसलेले एक म्हातारे तात्या हसले नव्हते. ते म्हणाले, “ता सगला ऱ्हाव दे रं. पाऊस वाढला का नाय, येवढा सांग.”

“ठाऊक नाय, तात्या,” हे म्हणाले. “सात वर्षांवरून नाय सांगता येत. अजून मोजावा लागंल.”

चिटणीस घड्याळाकडे बघून उठले, म्हणाले, “छान, छान, धन्यवाद भाऊ,” आणि विषय पाण्याच्या टाकीवर गेला. ज्या भाषणासाठी आठ दिवस आरसा झिजवला, ते दहा मिनिटांतच आटोपलं. हे लॅपटॉप पिशवीत घालून एका कडेला बसले. मला त्या चिटणिसाचा, त्या हसणाऱ्या लोकांचा आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा राग आला होता. आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, ह्या माणसाचा मला फार अभिमान वाटत होता.

घरी जाताना हे पुढे, मी मागे. आता बोलतील, मग बोलतील, अशी मी तयारीत होते. उत्तरंही तयार होती माझी. घराजवळ आल्यावर हे थांबले. गच्चीवर जाणाऱ्या बाहेरच्या जिन्याकडे बघत म्हणाले, “ह्या जिन्याला तेव्हा कठडा नव्हता.”

“नव्हता.”

“आणि आखाडात शेवाळ. त्यात तू बादली आणि चिरा घेऊन चढायचीस? भर पावसात?”

माझ्या तयार उत्तरांत हे नव्हतं. “चढायचे,” मी म्हणाले.

“दोन दिवस माझ्या डोक्यात तेवढंच आहे. पडली असतीस तर?”

“पडले होते एकदा,” मी म्हणाले. “दुसऱ्या वर्षी, दिव्यांच्या अवसेला. मनगट सुजलं होतं, आठवतं? पाणी आणताना मुरगळलं म्हणून सांगितलं होतं तुम्हाला.”

ह्यांनी माझा हात हातात घेतला, आणि मनगट उलटसुलट करून बघितलं. जसं काही ते कालच सुजलं होतं. मग आत गेले.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या दिवसाचा आकडा काढून टाकला की तो का काढला हे लिहावं लागतं. ह्यांनी जमतील तेवढे दिवस शोधून काढले होते, आणि प्रत्येकापुढे एकच कारण लिहिलं होतं: यंत्र झाकलेले. दुसऱ्या दिवशी हे दळण आणायला गेले असताना मी ती यादी उघडून बघितली. दुसऱ्या वर्षीच्या त्या अवसेपुढचं कारण आदल्या दिवशी बदललेलं होतं. तिथे लिहिलं होतं: पाऊस किती, माहीत नाही. बायको जिन्यावरून पडली. तेही मला माहीत नव्हते.